हॉटेलवाला व्हॉट्सॲपवर सगळ्यांचं आधार मागतोय, पाठवू का? प्रवासात कागद, फोन आणि पैसे सांभाळण्याबद्दल सविस्तर

ताई, तुम्ही विचारलंय की आई-बाबा आणि मावशी-काका मे महिन्यात चारधामला निघालेत, ऋषिकेशच्या हॉटेलवाल्याने चौघांचं आधार पुढून-मागून फोटो काढून व्हॉट्सॲपवर मागितलंय तर पाठवायचं का, आणि दिवाळीत तुम्ही सगळे बहिणीकडे दुबईला जाणार तेव्हा आणखी काय काळजी घ्यायची. मी बरीच वर्षं नाशिकहून ग्रुप टूर काढतोय, लोकांच्या आधार-पासपोर्टची थप्पी रोज माझ्या टेबलावर असते, त्यामुळे हे कागद कुठे कुठे फिरतात ते जवळून बघतो. उत्तर लांबेल पण नीट सांगतो, कारण तुमच्या घरात चार ज्येष्ठ माणसं निघालीयत.

आधी हॉटेलचं. आत्ता काही पाठवू नका. हॉटेलला गेस्टची ओळख नोंदवावी लागते हे खरंय, पोलीस रजिस्टर तपासतात, पण ती नोंद चेक-इनला काउंटरवर होते, महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर नाही. त्याला एवढंच लिहा की 'चौघांची नावं आणि वयं पाठवतोय, ओळखपत्र आल्यावर दाखवू'. बहुतेक हॉटेलवाले तेवढ्यावर गप्प बसतात. हट्टच धरला तर मास्क्ड आधार पाठवा, म्हणजे ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 'माय आधार' साइटवरून ओटीपी टाकून डाउनलोड होतं, पीडीएफला पासवर्ड असतो, तो उघडून प्रत्येकी दोन प्रिंट काढून ठेवा, काम झालं.

इतक्या वर्षांत मी हेच बघत आलोय की प्रवासात माणसाचे कागद चोरीला फार क्वचित जातात, बहुतेक वेळा आपणच ते घाईत देऊन टाकतो. रात्री अकराला बस पोचलीय, सगळे दमलेत, काउंटरवरचा पोरगा म्हणतो आधार द्या, आपण पाकिटासकट देतो. तो स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढतो आणि मालकाला पाठवतो. होमस्टेमध्ये तर हे सर्रास, अलिबाग असो नाहीतर महाबळेश्वर, केअरटेकरच्या गॅलरीत शेकडो लोकांचे आधार पडलेले असतात आणि तो उद्या फोन विकतो किंवा नोकरी सोडतो. त्याच्या मनात काही वाईट असेलच असं नाही, पण तो फोन कुणाच्या हातात जाईल ते त्यालाही माहीत नसतं. म्हणून निघायच्या आधी घरी बसून ठरवायचं की कोणता कागद कुणाला द्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही, कारण काउंटरवर ते ठरवता येत नाही.

मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळूर ऑफिसने एक पत्रक काढलं होतं की हॉटेलसारख्या ठिकाणी आधारची झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड वापरा, आणि त्यावर एवढा गोंधळ झाला की दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. तेव्हापासून लोक म्हणतात बघा मागे घेतलं म्हणजे झेरॉक्स द्यायला हरकत नाही. तसा अर्थ काढू नका. पत्रक मागे गेलं तरी मास्क्ड आधारची सोय आहे तशीच आहे, आणि ती नेमकी ह्याच कामासाठी आहे.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर पेनने आडवं लिहा, 'फक्त अमुक हॉटेल चेक-इनसाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरं थोडी नंबरवर आणि फोटोवर जाऊ द्यात म्हणजे तो कागद दुसऱ्या कामाला वापरणं अवघड होतं. आणि झेरॉक्सच्या दुकानात फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढतो ना आपण, ती त्याच्या कॉम्प्युटरवर राहते, तर समोर उभं राहून डिलीट करायला लावा, त्यात लाजायचं काही नाही. त्यापेक्षा घरी किंवा ऑफिसात प्रिंट काढणं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात ते, आधारचं बायोमेट्रिक लॉक. खेडोपाडी ते छोटं मशीन घेऊन बँकेचे पैसे काढून देतात बघा, त्याला आधार, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी नाही, पिन नाही. जुन्या दस्तांवरून वगैरे अंगठ्याचे ठसे उचलून, नकली ठसा बनवून ह्याच मार्गाने लोकांचे पैसे गेल्याचे गुन्हे देशात बऱ्याच ठिकाणी नोंदलेत. बायोमेट्रिक लॉक केलं की अंगठा, डोळे, चेहरा कशानेच आधारची पडताळणी होत नाही, ओटीपीची कामं मात्र चालू राहतात. माय आधारच्या साइटवर किंवा एम-आधार ॲपमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. चौघांचंही आजच करून टाका. फक्त त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू लागतो, आणि काकांसारख्या लोकांचा तो नंबर बरेचदा दहा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला असतो. तसं असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणाला तरी देते आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

देशात फिरताना मी ग्रुपला आधारच्या ऐवजी मतदान कार्ड ठेवायला सांगतो. हॉटेल, रेल्वे, विमान सगळीकडे चालतं आणि त्याला बँक जोडलेली नसते. लायसन्सही चालतं. पॅन कार्ड मात्र पाकिटात नेऊच नका. त्याच्यावर पत्ता नसतो म्हणून हॉटेलं ते तसंही घेत नाहीत, आणि तुमच्या नावावर कर्ज काढायला ज्याची पहिली गरज पडते तो नंबर नेमका तोच. परदेशी टूर पॅकेज घेताना टीसीएस, म्हणजे बिलातच घेतला जाणारा आयकर, कापला जातो म्हणून तिथं पॅन द्यावं लागतं, तेव्हा ते बिल देणाऱ्या, जीएसटी नंबर असलेल्या ऑफिसलाच द्या. आमच्यासारख्या टूरवाल्यांनाही प्रश्न विचारत जा. कागद कुठे ठेवता, टूर संपल्यावर काय करता, आणि ग्रुपवर टाका म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा. चाळीस जणांच्या टूरच्या ग्रुपवर प्रत्येकाने आपापला पासपोर्ट टाकायचा ही पद्धत मला अजिबात पटत नाही, त्यातले अर्धे लोक एकमेकांना ओळखतही नसतात.

ओरिजिनल कागद डिपॉझिट म्हणून ठेवायला मागतात तो आणखी एक प्रकार. गोव्यात भाड्याची ॲक्टिवा घेताना हमखास होतं, ओरिजिनल आधार नाहीतर लायसन्स ठेवून जा म्हणतात. लायसन्स ठेवलं तर गाडी कशावर चालवणार, पोलिसाने अडवलं की तुम्हीच अडकता. डिपॉझिट रोख देतो म्हणा, देताना ती रक्कम पावतीवर लिहून घ्या, आणि काळ्या पाटीवर पिवळे नंबर असलेलीच गाडी घ्या, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि तिचा मालकच जर नियम पाळत नसेल तर तुमचं आधार तो काय सांभाळणार. थायलंड, बालीकडे स्कूटरवाले पासपोर्ट ठेवून घेतात, तिथं तर कितीही गोड बोलला तरी पासपोर्ट द्यायचा नाही, दुसरं दुकान बघायचं. पासपोर्ट त्याच्याकडे आणि गाडीला ओरखडा, की तो म्हणेल ती किंमत.

आता चारधाम. इथं कागद आणि पैसे दोन्ही एकदम जातात. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं ऑनलाइन बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरच होतं, गुप्तकाशी, फाटा आणि सेरसीहून उडतात ती. सीटा सुटल्या की पटापट संपतात. मग लोक गुगलवर 'केदारनाथ हेलिकॉप्टर बुकिंग' टाकतात, वरतीच जाहिरात दिसते, साइट अगदी खऱ्यासारखी, नंबरवर फोन केला की गोड हिंदीत बोलणारा माणूस, चार जणांचे आधार मागतो, यूपीआयने पैसे घेतो आणि पीडीएफ तिकीट पाठवतो. हेलिपॅडवर गेल्यावर कळतं की ते तिकीट खोटं आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंसाठी ह्याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता, त्यात चारधामबरोबर सोमनाथच्या गेस्ट हाउसच्या खोट्या बुकिंगचाही उल्लेख होता. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण तेव्हा दिलेले चौघांचे आधार त्या टोळीकडे कायमचे राहतात त्याचं काय, ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

ओळखायची खूण सांगतो. यूपीआयने पैसे टाकताना पिनच्या आधी ज्याला जाणार त्याचं नाव दिसतं. तिथं ट्रस्टचं किंवा कंपनीचं नाव न येता कुण्या माणसाचं नाव आलं की तिथंच थांबा. आणि यात्रेचं रजिस्ट्रेशन उत्तराखंड सरकारच्या साइटवर किंवा त्यांच्या टुरिस्ट केअर ॲपवर स्वतः करा, हेलिकॉप्टरच्या तिकिटालाही तो नंबर लागतो, एजंटने 'मी करून देतो' म्हणून चौघांचे ओटीपी मागितले तर देऊ नका. हॉटेलचा फोन नंबरसुद्धा गुगल मॅपवरून घेताना सावध राहा, कारण तिथं कुणीही 'बदल सुचवा' करून स्वतःचा नंबर घुसवू शकतो. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर आणि मॅपवरचा नंबर जुळतोय का बघा.

बुकिंग ॲपच्या चॅटमध्येही एक नवीन प्रकार चाललाय. हॉटेलचं लॉगिनच कुणीतरी पळवतं आणि मग ॲपच्या आत, तुमच्या खऱ्या बुकिंगच्या खाली मेसेज येतो की कार्ड व्हेरिफाय झालं नाही, बारा तासांत ह्या लिंकवर करा नाहीतर बुकिंग रद्द. नाव, तारीख, रक्कम सगळं बरोबर असतं म्हणून शिकलेली माणसंसुद्धा फसतात. लिंकवर जायचंच नाही, हॉटेलला फोन करायचा.

रेल्वेचं सांगायचं तर आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं तिकीट वेटिंगवर राहिलं, त्यांनी रागाने पीएनआर आणि मोबाईल नंबरसकट सोशल मीडियावर तक्रार टाकली. थोड्याच वेळात फोन आला, 'रिफंड विभागातून बोलतोय'. काकांना वाटलं काय तत्पर लोक आहेत. त्याने एक ॲप टाकायला सांगितलं, ते स्क्रीन शेअरचं ॲप होतं, काकांच्या शेजारी बसलेल्या आमच्या टूर मॅनेजरने बघितलं म्हणून फोन हिसकावून बंद केला. ह्या लोकांना वेगळं काही शोधावं लागत नाही, ते दिवसभर अशा तक्रारीच वाचत बसलेले असतात. रिफंड ज्या खात्यातून पैसे भरले तिथं आपोआप येतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, ॲप लागत नाही, लिंक लागत नाही. आईबाबांना एवढं एक वाक्य तोंडपाठ करून द्या.

तसंच बोर्डिंग पासचं. विमानतळावर पोचलं की पास हातात धरून फोटो आणि स्टेटस, हे आता तरुण आणि म्हातारे सगळेच करतात. त्यावरचा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच एअरलाइनच्या साइटवर बुकिंग उघडतं, आत ईमेल, मोबाईल, कधी पासपोर्टचीही माहिती असते. नुसता बारकोड दिसला तरी त्यातून नाव आणि पीएनआर वाचता येतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये असाच बोर्डिंग पासचा फोटो टाकला होता आणि एका तरुणाने त्यावरून त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर काढून दाखवला, त्याने तो सरळ सरकारला कळवला म्हणून निभावलं. परत आल्यावर फोटो टाका, वाट्टेल तेवढे टाका. घर बंद आहे हेही लोकांना तेवढं कमी कळेल.

पैशांची मांडणी मी ग्रुपला अशी करायला सांगतो. पेन्शन किंवा पगार येतो आणि एफडी जोडलेली आहे ते खातं प्रवासाच्या फोनमध्ये नसावं. वेगळ्या बँकेत साधं बचत खातं, त्यात त्या आठवड्याच्या खर्चापुरते पैसे, आणि यूपीआय फक्त त्यालाच. फोन गेला, पिन कुणी खांद्यावरून बघितला, काही झालं तरी जाणार ते तेवढेच. कार्डांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नव्या कार्डांवर ऑनलाइन, टॅप करून आणि परदेशातले व्यवहार सुरुवातीला बंदच असतात, बँकेच्या ॲपमधून चालू-बंद आणि लिमिट करता येतात. चारधामला जाताना परदेशी व्यवहार बंद आहे ना ते बघा. हे का सांगतोय, तर आपल्याकडच्या साइटवर ओटीपी लागतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण परदेशी साइटवर नुसता कार्ड नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे टाकून ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात. वेटर कार्ड आत घेऊन गेला की त्याला हे तिन्ही मिळतात. केदारच्या रस्त्यावर नेटवर्क येतं जातं, खात्यातून काही गेलं तर मेसेज दोन दिवसांनी बघायला मिळेल, म्हणून लिमिट आधीच कमी केलेलं बरं.

सिमकडे वळतो, कारण आता तुमची ओळख म्हणजे तो नंबरच झालाय. फोनच्या सेटिंगमध्ये सिम पिन लावा. स्क्रीनला लॉक असून उपयोग नाही, चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी तिथं येतात. सिम पिन लावला की फोन चालू करताना तो विचारतो, तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीकडचा कोड, लागतो, म्हणून आईबाबांना नंबर नीट पाठ होऊ द्या. व्हॉट्सॲपलाही टू-स्टेपचा पिन लावा. आणि बाकीच्यांच्या फोनला रेंज आहे पण आपल्या एकाच फोनचं नेटवर्क अचानक गेलं, तासभर आलंच नाही, तर त्याला डोंगर म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा की माझं सिम कुणी बदललं का, ई-सिम करून घेतलं का.

जाता जाता काश्मीरचं, पुढेमागे जाल म्हणून. बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आपले लोक श्रीनगरला उतरतात, फोन बंद, मग घाबरून रस्त्यावरच्या टेबलवरून तात्पुरतं सिम घेतात आणि तिथं आधार, अंगठा सगळं देतात. काही ठिकाणी 'नीट आलं नाही, परत अंगठा लावा' म्हणून दोनदा लावून घेतात आणि दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावाचं आणखी एक सिम निघतं, ते मग कुठल्या तरी फसवणुकीत वापरलं जातं. निघायच्या आधी एक नंबर पोस्टपेड करून घ्या. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, आपला नसलेला तिथूनच कळवता येतो. चौघांचं बघून घ्या, दोन-तीन अनोळखी नंबर निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

फुकट वायफाय आणि स्टेशनवरच्या चार्जिंग पॉइंटबद्दल फार भीती घालतात. मला ती थोडी जास्त वाटते. बँकेची ॲपं माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करूनच पाठवतात. खरा धोका वायफायला जोडताना जे पान उघडतं त्यात आहे, तिथं मोबाईल नंबर, ओटीपी, गुगलचं लॉगिन मागतात आणि लोक निमूट भरतात. पैशांची कामं आपल्याच डेटावर करा, चार्जर आणि पॉवर बँक स्वतःची ठेवा, एवढं पुरे.

दुबईचं आता. पहिली चूक नावाची होते. आईंचा पासपोर्ट कुठल्या नावाने आहे आणि तिकीट कुठल्या नावाने काढताय ते अक्षर न् अक्षर जुळवा, माहेरचं-सासरचं नाव, मधलं नाव, आडनावाची रिकामी जागा ह्यात आमची निम्मी शक्ती जाते. पासपोर्टवर नुसतं एकच नाव असेल आणि आडनाव रिकामं असेल तर यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून त्यावर कडक नियम केलाय, म्हणून तिकिटाआधीच तपासा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी.

व्हिसासाठी पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान मागतात. आत्ता बहुतेकांकडे असलेल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडील, आई, नवरा-बायको यांची नावं आणि पूर्ण पत्ता असतो. बँकेला फोन केला की ते पडताळायला काय विचारतात आठवा, जन्मतारीख आणि आईचं नाव. ती दोन्ही ह्या दोन पानांत आहेत. त्यामुळे शेवटचं पान व्हिसा सोडून कुणालाही देऊ नका, हॉटेलला पहिलं पान आणि व्हिसा पुरतो. व्हिसा शक्यतो ज्या एअरलाइनने जाताय तिच्यातर्फे किंवा पत्ता असलेल्या ऑफिसमधून काढा, इन्स्टाग्रामवर स्वस्त व्हिसाची जाहिरात बघून नाही. काही देशांच्या साध्या फॉर्मचेही पैसे उकळणाऱ्या साइट आहेत. थायलंडचं मे २०२५ पासून सुरू झालेलं डिजिटल अरायव्हल कार्ड आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, दोन्ही सरकारी साइटवर फुकट आहेत, पण गुगलवर वरती पैसे घेणाऱ्या साइट दिसतात आणि त्यांना पैशांबरोबर पासपोर्टची सगळी माहितीही मिळते.

दिवाळीत जाताय म्हणून मुद्दाम सांगतो, बहिणीसाठी अनारसे नेऊ नका. खसखशीवर यूएईत बंदी आहे, गोड म्हणून नेलेली वस्तू विमानतळावर पोलिसांपर्यंत जाऊ शकते. मसाल्याच्या पाकिटातही खसखस आहे का बघा. बाबांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटात न्या, खोकल्याच्या औषधात कोडीन, दुखण्याच्या गोळीत ट्रामाडोल, किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर तिथं आधी परवानगी लागते, केमिस्टकडून चिठ्ठी वाचून घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सुकं खोबरं नेऊच नका. रोमिंग पॅक नको असेल तरी आपलं भारतीय सिम फोनमध्ये चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार, येणाऱ्या एसएमएसला पैसे लागतात का ते कंपनीला विचारून घ्या. पासपोर्ट हरवलाच तर स्थानिक पोलिसांचा रिपोर्ट घ्यायचा आणि दुबईतल्या भारतीय वकिलातीत जायचं, घाई असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं. पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत असतील तर हे काम खूप सोपं जातं.

आता फोन किंवा पाकीट गेलं तर. क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम ब्लॉक, कारण सिम थांबलं की ओटीपी थांबतात. मग बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ह्या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त, रात्र आहे सकाळी बघू असं करू नका. मग फोनमधली माहिती दूरवरून पुसून टाका, पोलिसांत नोंद करा आणि संचार साथीवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. गुन्हा हरिद्वारला घडला म्हणून तिथंच थांबायला हवं असं नाही, झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात करता येतो.

पण हे करायला नंबर कुठून आणणार, ते सगळे त्याच फोनमध्ये होते. आणि इथंच दुसरी चोरी होते. माणूस घाबरून गुगलवर 'अमुक बँक कस्टमर केअर' टाकतो, पहिला नंबर लावतो, तो भामट्याचा असतो आणि उरलंसुरलं तो घेऊन जातो. म्हणून एका कागदावर हाताने लिहा, बँकेचा ब्लॉक करायचा नंबर कार्डच्या मागे बघून, सिम कंपनीचा, १९३०, आधारचा १९४७, तुमचा आणि जावयांचा मोबाईल, फोनचा आयएमईआय, जो *#०६# दाबल्यावर दिसतो. चौघांच्या खिशात एकेक. पिन आणि पासवर्ड त्यावर लिहायचे नाहीत. बँकेला कळवल्याचा तक्रार नंबर आणि वेळ जपून ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

आणखी एक, आईबाबांना फोन येऊ शकतो की 'तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, व्हिडिओ कॉल बंद करू नका'. त्यांच्याकडे खरोखर आधार नंबर आणि पत्ता असतो, म्हणून म्हातारी माणसं विश्वास ठेवतात. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलंय. फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा, रात्री दोनला असला तरी. 'आम्ही रागावणार नाही' हे त्यांना निघायच्या आधीच सांगून ठेवा, कारण बरीच ज्येष्ठ माणसं मुलं ओरडतील म्हणून दोन दोन दिवस गप्प बसतात आणि तोवर सगळं हाताबाहेर गेलेलं असतं.

परत आल्यावरचं काम थोडंच आहे. प्रवासाच्या खात्यातले उरलेले पैसे काढा, परदेशी व्यवहार बंद करा, व्हॉट्सॲपवर पाठवलेले कागद दोन्हीकडून डिलीट करता येतील तेवढे करा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चारही कंपन्यांकडून वर्षाला एक क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, सगळे एकदम न काढता तीन-तीन महिन्यांनी एकेक काढा, म्हणजे तुमच्या नावावर कुणी कर्ज उचललं तर वर्ष उलटायच्या आत कळेल. बाबा पेन्शनर आहेत म्हणालात, तर नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याला अंगठा किंवा चेहरा लागतो, दुबईहून आलात की त्या दिवसापुरतं त्यांचं बायोमेट्रिक अनलॉक करा आणि दाखला झाला की परत लॉक करा.